‘सोपं इंग्रजी’ कुणाला सोपं?

भाषांतराच्या कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका यंत्राची माहितीपुस्तिका माझ्याकडे आली होती. साठ-सत्तर पानं, जागोजागी चित्रं आणि बाण, ठळक अक्षरांत सूचना. त्यातली एक सूचना अशी होती, की अलार्म ‘गोज ऑफ’ झाला तर यंत्रापासून लांब व्हा आणि मुख्य स्विच बंद करा. मी लिहिलं, ‘अलार्म बंद झाल्यास यंत्रापासून लांब व्हा.’ वाक्य स्वच्छ, व्याकरण बिनचूक, अर्थ नेमका उलटा.

मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. मला काही उलगडेना, म्हणून विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, अलार्म बंद झाल्यावर कोण पळतं? वाजल्यावर पळतात ना?’’

मी ओशाळलो, पण मनातल्या मनात माझी बाजू मांडतच राहिलो. ‘लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. मग ‘अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म गेला, असं मी समजलो तर माझं काय चुकलं? तेच क्रियापद, तेच शेपूट. दिवा ‘ऑफ’ गेला की विझतो, अलार्म ‘ऑफ’ गेला की केकाटतो, बॉम्ब ‘ऑफ’ गेला की फुटतो, दूध ‘ऑफ’ गेलं की नासतं, आणि एखाद्या माणसावरून आपण ‘ऑफ’ गेलो की तो आपल्या मनातून उतरतो. शब्द दोन. दोन्ही इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातले, लहान मुलांना येणारे. ज्याने ती सूचना लिहिली त्याला आपण अगदी सोपं लिहिलंय असंच वाटलं असणार, आणि माझं भांडण आहे ते या वाटण्याशी. इंग्रजीत ‘सोपं लिहा’ असा सल्ला देणारे बहुतेक जण शब्दाची लांबी मोजतात. वाचणाऱ्याला तो शब्द कुठे अडेल हे मोजत नाहीत.

इंग्रजीतली ही जोडगोळी, म्हणजे क्रियापद आणि त्यामागे लटकलेलं ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ओव्हर’ असलं चिमुकलं अव्यय, शिकवताना ‘फ्रेझल व्हर्ब’ या नावाने शिकवतात. लोगन पियर्सल स्मिथ या निबंधकाराने १९२५ साली हे नाव वापरलं आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीने सुचवलं असं सांगितलं. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की क्रियापदामागे असा शब्द जोडून अर्थ फिरवायची रीत आमच्या भाषेत फार आहे आणि परदेशी माणसाला सगळ्यात जास्त अडचण हिचीच होते. त्याने उदाहरणंही दिली आहेत. ‘फॉल ऑन’ म्हणजे हल्ला करणे, ‘बेअर आउट’ म्हणजे समर्थन करणे, ‘टेक ऑफ’ म्हणजे नक्कल करणे. आपण असे प्रयोग जमेल तितके कोशात घेतले आहेत, तेव्हा परक्या माणसाला आता हा डोंगर अगदीच अनुल्लंघ्य वाटू नये, अशी आशाही त्याने व्यक्त केली. बिचारा जॉन्सन! पावणेतीनशे वर्षं होत आली, डोंगर आहे तिथेच आहे, उलट त्यावर ‘लॉग इन’, ‘साइन अप’, ‘झूम आउट’, ‘स्क्रोल डाउन’ असली नवी झाडी उगवली आहे.

संस्कृत थोडंफार शिकलेल्यांना एक जुना श्लोक आठवत असेल. उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो, असं त्यात म्हटलंय आणि पुढे दाखले दिलेत प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. मुळात धातू एकच, ‘हृ’. समोर बसलेल्या उपसर्गाने कुणाला जेवायला बसवलं, कुणाला फिरायला नेलं, कुणाचा जीव घेतला. इंग्रजीतही एके काळी उपसर्ग असेच पुढे बसत. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’ ही त्या काळाची उरलेली माणसं. ‘अंडर’ आणि ‘स्टँड’ यांच्या बेरजेतून ‘समजणे’ कसं निघालं हे आज कुणी विचारत नाही, कारण शब्द एकसंध आहे. कोशात तो एका जागी सापडतो, पाठ केला की झालं. पुढच्या शतकांत ही अव्ययं क्रियापदाच्या मागे गेली आणि सुटी झाली, तेव्हापासून खरी पंचाईत.

सुटी म्हणजे किती सुटी? ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. पण दिव्याऐवजी सर्वनाम आलं की ‘टर्न इट ऑफ’ एवढंच चालतं, ‘टर्न ऑफ इट’ म्हटलं की समोरचा हसतो. बरं, म्हणून नियम पाठ करून ‘लुक हिम आफ्टर’ म्हणावं, तर तेही चूक. तिथे ‘आफ्टर’ जागचं हलत नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत एक जोडी नेहमी भेटते. माणूस ‘रॅन अप अ हिल’, म्हणजे टेकडी चढून गेला. माणूस ‘रॅन अप अ बिल’, म्हणजे उधारी वाढवून बसला. कानाला फरक एका अक्षराचा. पण पहिल्यात ‘अप’ टेकडीचं आहे, दुसऱ्यात ते क्रियापदाचं आहे. ‘अप द हिल ही रॅन’ म्हणता येतं, ‘अप द बिल’ असं कुणी धावत नाही. जन्मापासून ही भाषा ऐकलेल्या माणसाला हे कळतं. कसं कळतं ते विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही. अव्ययावर जोर कुठे द्यायचा, कुठे ते गिळून टाकायचं, हेही त्याचा कानच ठरवतो. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याकडे हा कान नसतो.

या अडचणीचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे ‘बेसिक इंग्लिश’. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने १९३० साली सगळ्या जगाला चालेल असं आटोपशीर इंग्रजी मांडलं. शब्द मोजून ८५०. त्यांत क्रियापदं अवघी १८. ‘कम’, ‘गो’, ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘टेक’, ‘मेक’, ‘कीप’ वगैरे. बाकी हजारो क्रियापदांना रजा. कल्पना ऐकायला भन्नाट आहे, आणि चर्चिलसारखा माणूस तिच्या प्रेमात पडला. १९४३ साली हार्वर्डमधल्या भाषणात त्याने तिची जाहीर भलामण केली.

पण ज्या क्रियापदांना रजा दिली त्यांचं काम कोण करणार? करणार तेच अठरा गडी, अव्ययांची काठी हातात घेऊन. शरण जाणे यासाठी ‘सरेंडर’ नको, ‘गिव्ह अप’ घ्या. विझवणे यासाठी ‘एक्स्टिंग्विश’ नको, ‘पुट आउट’ घ्या. सहन करणे यासाठी ‘टॉलरेट’ नको, ‘पुट अप विथ’ घ्या. ‘गिव्ह’ यादीत मोजला, ‘अप’ यादीत मोजला, पण ‘गिव्ह अप’ हा जो तिसराच अर्थ तयार झाला तो त्या ८५० मध्ये मोजलाच नाही. म्हणजे सामान दारातून बाहेर काढलं आणि खिडकीतून आत घेतलं. देणे आणि वर, यांच्या बेरजेतून हार मानणे कसं निघतं? ठेवणे, वर आणि सोबत, यांतून सहन करणे? शिकणाऱ्याला ८५० शब्द शिकायचे असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात शेकडो अर्थ गपचूप त्याच्या पाठीवर लादले गेले. माझ्या मते त्या प्रयोगात इंग्रज माणसाचा आंधळा कोपरा लख्ख दिसतो. ऑग्डेन काही ऐरागैरा नव्हता, अर्थ या विषयावर त्याने आयुष्य घातलं होतं. तरीही ‘पुट अप विथ’ हे तीन शब्द एक स्वतंत्र, अवघड शब्द म्हणून त्याने मोजले नाहीत, कारण इंग्रजी त्याची मातृभाषा होती.

याच चर्चिलच्या नावावर एक किस्सा खपतो. वाक्याच्या शेवटी अव्यय नको, असा एक दंडक इंग्रजीत मिरवत असे. १६७२ साली कवी जॉन ड्रायडनने त्यावरून नाटककार बेन जॉन्सनला धारेवर धरलं होतं. तर कुणा कारकुनाने चर्चिलचं तसलं एक वाक्य दुरुस्त केलं म्हणे, आणि चर्चिलने चिडून ‘पुट अप विथ’मधली दोन्ही अव्ययं उचलून आधी ठेवली आणि ‘पुट’ शेवटी टांगला. हे बोलणं चर्चिलचं होतं याला भरवशाचा पुरावा नाही. विनोद मात्र अस्सल आहे, कारण तो ऐकून इंग्रज माणूस खो खो हसतो, आणि परका माणूस आधी मूळ वाक्य शोधत बसतो.

आता ‘सोपं लिहा’वाल्यांची बाजू. ती कमकुवत नाही. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच झाली, धर्माची आणि विद्येची लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द झाले. घरातला, शेतातला एक आणि कचेरीतला एक. ‘पुट ऑफ’ घरातलं, ‘पोस्टपोन’ कचेरीतलं. ‘लुक इन्टू’ घरातलं, ‘इन्व्हेस्टिगेट’ कचेरीतलं. कचेरीतले शब्द वापरून सामान्य माणसाला दडपायची खोड तिथल्या बाबूंना लागली, आणि तिच्याविरुद्ध चांगल्या चांगल्या लोकांनी आवाज उठवला. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली लिहिलं, की छोट्या शब्दाने भागत असेल तिथे मोठा वापरू नका. अमेरिकेत तर २०१० साली कायदाच झाला, की केंद्र सरकारच्या खात्यांनी लोकांना कळेल असं लिहावं. हे सगळं योग्यच आहे. ‘कमेन्स’, ‘युटिलाइझ’ असले शब्द छातीवर पदकं लावल्यासारखे मिरवणाऱ्यांची मला मुळीच दया येत नाही.

पण हा सगळा वाद घरातला आहे. इंग्रज लेखक आणि इंग्रज वाचक यांच्यातला. आज इंग्रजी वाचणाऱ्यांत मातृभाषा इंग्रजी असलेले थोडे आणि नंतर शिकलेले कितीतरी जास्त. औषधाच्या डबीतला कागद, विम्याचा अर्ज, विमानतळावरची पाटी, ॲपमधली सूचना यांचा वाचक हा दुसरा माणूस आहे. आणि त्याच्यासाठी घर आणि कचेरी यांचं गणित बरोब्बर उलटं आहे.

स्वतःच्या तोंडचे शब्द ऐकून पाहा. मीटिंग ‘पोस्टपोन’ झाली, ऑर्डर ‘कॅन्सल’ केली, नाव ‘सिलेक्ट’ कर, फोटो ‘डिलीट’ कर, त्याला ‘इग्नोर’ कर, काम ‘कंटिन्यू’ कर. ही सगळी लॅटिन घराण्यातली, कचेरीतली क्रियापदं, आणि इंग्रजीचा एक धडा न शिकलेला माणूसही ती बिनदिक्कत वापरतो. मीटिंग ‘पुट ऑफ’ केली किंवा ऑर्डर ‘कॉल ऑफ’ केली असं कुणी म्हणतं का? फ्रेझल व्हर्ब मराठीत येतात तेव्हा आपण आधी त्यांचे हातपाय बांधून नाम करतो. चेकअप केला, बॅकअप घेतला, फॉलोअप घेतला, ब्रेकअप झाला. जोडाला गाठ मारून टाकली, आता मध्ये काही घुसायला नको. लॉगिनचंच घ्या. इंग्रजीत क्रियापद असेल तर दोन शब्द आणि नाम असेल तर एक, आणि यात भले भले इंग्रज चुकतात. आपण ‘लॉगिन कर’ म्हणून मोकळे. परक्या भाषेतलं काय आपल्याला पेलतं आणि काय नाही, हे बोलणाऱ्यांनी कुठल्याही पंडिताला न विचारता ठरवून टाकलंय. हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. स्पॅनिश माणसाला ‘पोस्टपोन’ वाचून ‘पोस्पोनेर’ आठवतं, ‘टॉलरेट’ वाचून ‘तोलेरार’ आठवतं. ‘पुट अप विथ’ वाचून त्याला काहीही आठवत नाही.

हा नुसता वाचकाच्या सोयीचा मामला आहे असं कुणाला वाटत असेल, तर २७ मार्च १९७७ ची दुपार आठवावी. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवर दाट धुकं होतं, धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ होती. त्यांतल्या डच विमानाच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं, की आम्ही आता ‘ॲट टेकऑफ’ आहोत. मनोऱ्यातल्या स्पॅनिश नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागेवर उभं आहे. विमान धावायला लागलं होतं. काही क्षणांत ते पट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर आदळलं. ५८३ माणसं गेली, हवाई वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसं कधी गेली नव्हती. कारणं अनेक होती. धुकं, घाई, एकाच वेळी दोघं बोलल्याने रेडिओवर उठलेली शिट्टी. पण त्या अनेकांत एक हेही होतं. एक ‘ॲट’, आणि ‘टेक’ला ‘ऑफ’ जोडून झालेलं एक नाम. डच भाषेत ‘करत असणे’ दाखवायला असंच एक अव्यय वापरतात, त्याची सावली त्या वाक्यात पडली असावी, असं काही अभ्यासकांनी म्हटलंय. बोलणारा डच, ऐकणारा स्पॅनिश, भाषा दोघांचीही नाही.

त्यानंतर नियम बदलले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं. म्हणजे जिथे जिवाशी गाठ आली तिथे घरातला छोटा शब्द आवरून धरला आणि कचेरीतला लांब शब्द पुढे केला. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी तर वेगळं नियंत्रित इंग्रजी आहे. युरोपातल्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात ते घडवलं, आज ते ‘एएसडी-एसटीई १००’ या नावाने चालतं. दोन शब्द जोडून फ्रेझल व्हर्ब बनवू नका, असा त्यात सरळ नियमच आहे. विमान दुरुस्त करणाऱ्याची काळजी घेता येते, तर मग औषध घेणाऱ्याची का नाही?

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. लोकांनी इंग्रजी नीट शिकावं, म्हणजे प्रश्नच मिटेल. शिकावं हे बरोबरच, आणि ते शिकवतात त्याच्यापेक्षा पुष्कळ बरं शिकवता येईल. आजवरची पद्धत म्हणजे वर्णानुक्रमाने लावलेली लांबलचक यादी. ‘ब्रेक डाउन’, ‘ब्रेक इन’, ‘ब्रेक आउट’, ‘ब्रेक अप’. मीही पाठ केली होती, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कुठलं ‘ब्रेक’ कुठे होतं ते विसरून गेलो होतो. यादीचं ओझं मुळात लागतच नाही. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस म्हणून दहा कोटी शब्दांचा मजकूरसंग्रह आहे. गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ साली त्यातले फ्रेझल व्हर्ब मोजले, तर सगळ्या वापरांपैकी निम्म्याहून अधिक जागी वीस क्रियापदं आणि आठ अव्ययं यांच्याच जोड्या निघाल्या. वीस आणि आठ. हे वाचून मी खूश झालो, पण पुढचा आकडा वाचल्यावर खुशी ओसरली. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या शंभर जोड्यांना सरासरी पाचाहून जास्त अर्थ आहेत.

तरीही अव्ययाकडून सुरुवात केली तर वाट सापडते असा माझा अनुभव आहे. ‘अप’ घ्या. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘टेअर अप’, ‘यूज अप’. इथे वर काही जात नाही. खाऊन टाक, पिऊन टाक, फाडून टाक, संपवून टाक. ‘अप’ म्हणजे आपला ‘टाक’! ‘ऑन’ बघा. ‘रीड ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘ड्राइव्ह ऑन’. वाचत राहा, करत राहा, चालवत राहा. हे सगळीकडे जुळत नाही, आणि जुळतं असं सांगणारा मास्तर खोटं बोलतोय. ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ दोन्हीचा अर्थ वेग कमी करणे हाच, आणि फॉर्म ‘फिल इन’ करा नाहीतर ‘फिल आउट’ करा, भरायचा तोच. पण अव्ययालाही एक स्वभाव असतो हे एकदा कळलं, की ती यादी निदान माणसांची वाटायला लागते.

मात्र शिकून झाल्यावरही माणसं हे प्रयोग टाळतात, आणि ते आळसापोटी नव्हे. हिब्रूत असले प्रयोग नाहीत. डागुट आणि लाउफर या संशोधकांनी १९८५ साली दाखवलं, की हिब्रू विद्यार्थी ‘फ्रेझल व्हर्ब’ चुकवून एकशब्दी क्रियापदाकडे वळतात. मग हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थी पाहिले. डचमध्ये अशा जोड्या भरपूर आहेत, तरी काही ठिकाणी विद्यार्थी बिचकलेच. शंका अशी, की हे फारच आपल्या भाषेसारखं दिसतंय, म्हणजे नक्की चूक असणार. मला हे वाचून हसू आलं आणि जवळचंही वाटलं. भाषांतर करताना इंग्रजी वाक्य मराठीशी शब्दाला शब्द जुळलं, की मीही दोनदा कोश उघडतो.

आणि ‘सोपं’ काय हे घरच्या माणसाला दिसत नाही, याचा अनुभव आपल्यालाही आहे, फक्त उलट्या बाजूने. मराठी शिकणाऱ्या एका गृहस्थांनी मला एकदा विचारलं, ‘‘तुम्ही परवा म्हणालात, मी त्याला सगळं सांगून बसलो. तुम्ही सांगितलंत, आणि मग खुर्चीवर बसलात का?’’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. सांगून टाक म्हणजे एकदाचं सांग आणि मोकळा हो. सांगून ठेव म्हणजे पुढे उपयोगी पडेल. सांगून बघ म्हणजे ऐकलं तर ऐकलं. सांगून गेला म्हणजे त्याच्या नकळत तोंडातून निघालं. सांगत सुटला म्हणजे दिसेल त्याला गाठून. आणि सांगून बसलो म्हणजे नको ते केलं, आता निस्तरतोय. इथे कुणी काही टाकत नाही, ठेवत नाही, बघत नाही, बसत नाही. मग त्यांनी ‘तो जायला लागला’ आणि ‘त्याला जायला लागलं’ यांतला फरक विचारला, तेव्हा मी विषय बदलला. पहिला आपण होऊन निघालाय, दुसऱ्याचा नाइलाज आहे. आणि हा सगळा फरक एका ‘ला’च्या आणि एका अनुस्वाराच्या जिवावर. हे मला तोवर सोपं वाटत होतं. ज्याने ‘अलार्म गोज ऑफ’ लिहिलं त्या माणसावरचा माझा राग त्या दिवशी बराच उतरला.

उतरला, पण मागणी तीच राहिली. गप्पा मारताना, कथा-कादंबऱ्या लिहिताना ज्याला जे हवं ते लिहावं. फ्रेझल व्हर्ब काढून घेतले तर इंग्रजी बोलणं इस्त्री केलेल्या कपड्यासारखं ताठ होईल. ‘सिट डाउन’, ‘कम इन’ यांवर बंदी घाला असं म्हणण्याइतका मी कर्मठ नाही. अव्ययाचा मूळ अर्थ जिथे शाबूत आहे तिथे कुणी अडत नाही. पण सूचना, अर्ज, करार, इशारा, औषधाचा कागद, म्हणजे ज्याच्यावर विसंबून परका माणूस काहीतरी करणार आहे असा मजकूर लिहिणाऱ्याने एवढं करावं, की दोन शब्द मिळून तिसराच अर्थ निघत असेल तर एका अर्थाचा एक शब्द शोधावा. तो थोडा लांब असला तरी चालेल. वाचक लांब शब्द कोशात काढून बघू शकतो. ‘गो’ आणि ‘ऑफ’ त्याला येतात, म्हणून तो कोश उघडतच नाही, आणि चूक करताना आपण चुकतोय हे त्याला कळतही नाही. माझ्याकडून अलार्म बंद पडला तो अज्ञानाने नव्हे, दोन्ही शब्द येतात या खात्रीने.

मजकूर पाठवणाऱ्यांना मी हल्ली प्रत्येक वेळी शंकांची यादी पाठवतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, की हे साधं इंग्रजी आहे, यात शंका कसली? त्या पहिल्या पुस्तिकेबद्दलही मी तेव्हा एक चिठ्ठी लिहिली होती, ती कुणी वाचली असेल असं मला वाटलं नव्हतं. काही वर्षांनी त्याच यंत्राची सुधारित आवृत्ती माझ्याकडे आली. मी आधी तेच पान उघडलं. ‘अलार्म साउंड्स’ असं छापलं होतं. खुर्चीत मागे टेकून दोन मिनिटं स्वतःवर खूश झालो. मग पुढचं वाक्य वाचलं. दाब वाढला तर झडप ‘बॅक ऑफ’ करा, असं होतं. झडप थोडी सैल करायची, की झडपेपासून आपण मागे सरकायचं? शंकांच्या यादीत पहिला क्रमांक टाकला आणि लिहायला घेतलं.